गावातलं मुलींचं प्रमाण कसं मोजावं आणि आलेला आकडा कसा वाचावा

ग्रामसभेत, आठ मार्चला किंवा बालिका दिनाला कुणीतरी माईकवर आकडा सांगतं: आपल्या गावात हजार मुलांमागे इतक्या मुली. आकडा मोठा असला की टाळ्या पडतात, लहान असला की चुकचुकाट होतो. तो कुठल्या वहीतून काढला, किती जन्मांवर काढला, कोण धरलं नि कोण सुटलं, हे कुणी विचारत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. २०११ च्या जनगणनेला प्रगणक म्हणून वाड्यावाड्यांतून फिरले आहे, आणि आशाताईंना, बचत गटातल्या बायकांना हा हिशेब शिकवत आले आहे. माझा आग्रह एकच आहे. गावाची एकूण लोकसंख्या बघून मुलींबद्दल काहीही ठरवू नका. जन्म बघा, आणि पुरेसे जन्म हाताशी आल्याशिवाय बोलू नका.

आधी माप एक करून घ्या. जगाचे तक्ते शंभर बायकांमागे किती पुरुष ते सांगतात, आपली जनगणना हजार पुरुषांमागे किती स्त्रिया ते सांगते. एकात आकडा वाढला की पुरुष जास्त, दुसऱ्यात वाढला की बायका जास्त. एकाच लेखात दोन्ही मापं आली की वाचणारा गोंधळतो. एकातून दुसऱ्यात जायला १,००,००० ला हातातल्या आकड्यानं भागा, बस. जगात शंभर बायकांमागे साधारण १०१ पुरुष आहेत. आपल्या मापात ९९०. भारताचा २०११ चा आकडा ९४३. जगाच्या मापात १०६. पुढे मी सगळीकडे आपलंच माप वापरते, म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रिया.

आता हा ९९० किंवा ९४३ बनतो कशातून? जन्म, मृत्यू आणि स्थलांतर, या तीन गोष्टींतून. कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायचे: जन्माला किती आले, कोण लवकर गेलं, आणि कोण गाव सोडून गेलं किंवा बाहेरून आलं.

जन्माचं आधी पक्कं लक्षात ठेवा, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. निसर्गात मुलगे आणि मुली समसमान जन्मत नाहीत. कुणीही ढवळाढवळ केली नाही तरी साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी घेऊन जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली दाखवलं होतं की १६२९ पासून सलग ८२ वर्षं, एकही वर्ष न चुकता, मुलगेच जास्त जन्मले. तेव्हा ना सोनोग्राफी होती ना गर्भलिंग निदान. आपल्या मापात हा नैसर्गिक आकडा ९५२ येतो. देशादेशांत थोडं खाली-वर होतं, साधारण ९३५ ते ९७०. तेव्हा जन्माच्या वेळचं प्रमाण ९५५ आलं म्हणून "अजून ४५ मुली कमी" असं भाषणात ठोकू नका. आणि ८८० आलं तर "हजाराच्या जवळपास आहे की" म्हणून समाधानही मानू नका. तुलना हजाराशी नाही, ९५२ शी करायची.

मृत्यूचं गणित बहुतेक उलटं चालतं. तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत पुरुष जास्त प्रमाणात दगावतात, त्यामुळे वय वाढत जाईल तसं पारडं बायकांकडे झुकतं. रशियात आज पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त आहेत. त्यामागे दुसऱ्या महायुद्धात गेलेली पिढी आहे, आणि दारू, हृदयविकार, अपघात यांनी पन्नाशी-साठीत जाणारे पुरुष आहेत. आपल्याकडेही २०११ मध्ये साठीच्या पुढच्या वयात हजार पुरुषांमागे १०३३ बायका होत्या. म्हणून जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे एकूण आकडा चांगला दिसतो आणि त्याचा आजच्या मुलींशी काही संबंध नसतो. भारतात मात्र बराच काळ एक वेगळीच गोष्ट घडत आली: पाच वर्षांच्या आतल्या मुली मुलांपेक्षा जास्त दगावत. निसर्गानं मुलींना दिलेला जास्तीचा चिवटपणा आपण खायला कमी घालून आणि दवाखान्यात उशिरा नेऊन घालवला. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगातून दहा कोटींहून जास्त बायका 'हरवल्या' आहेत असा हिशेब मांडला, तो याच तफावतीवरून.

स्थलांतर हा तर सगळ्यात फसवा भाग. कतारमध्ये दर चार माणसांत जवळपास तीन पुरुष असतात. तिथे मुली नकोशा आहेत म्हणून नव्हे, तर बांधकामावर, तेलाच्या कामावर बाहेरच्या देशांतून आलेले पुरुष मोजले जातात म्हणून. त्यात आपलेही पुष्कळ आहेत. आणि त्याचीच दुसरी बाजू बघायची तर आमच्या रत्नागिरीला या. २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ बायका, महाराष्ट्रात पहिला नंबर. त्याच वर्षी मुंबई शहर ८३२.

ही ११२२ कशी झाली ते मी दारात उभी राहून लिहून घेतलंय. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, संदर्भाची वेळ १ मार्चची मध्यरात्र. शिमगा त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होता, म्हणजे चाकरमानी अजून मुंबईतच. पडवीत बसून मी विचारायची, "घरात राहतं कोण कोण?" आणि उत्तर ठरलेलं: "मी, सासूबाय, दोन पोरं. हे मुंबयला, भावजी बडोद्याला." नियम असा की गणतीच्या त्या सगळ्या काळात जो बाहेर आहे, त्याला तिथे मोजायचं, इथे नाही. कित्येकदा घरातली म्हातारी हट्ट धरायची, "माझ्या झिलाचा नाव लिव. रेशनकार्डावर हाय, घर तेच्या नावावर हाय." तिला समजावून सांगावं लागे की त्याचं नाव भांडुपला कुणीतरी लिहितंय. एका वाडीचा तक्ता पूर्ण झाला की पुरुषाच्या रकान्यात शाळेतली मुलं आणि निवृत्त होऊन परत आलेले गिरणी कामगार, मधली फळी जवळजवळ गायब. तोच तक्ता बेरजेत गेला आणि जिल्ह्याला शाबासकी मिळाली.

आमच्या जिल्ह्याचा शून्य ते सहा वयाचा आकडा त्याच जनगणनेत ९३६ होता. बाकी महाराष्ट्राच्या मानानं चांगला, पण नैसर्गिक प्रमाणाच्या खालीच. ११२२ चे फलक लावणाऱ्यांनी हा आकडाही त्याच अक्षरात लावायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

म्हणून पहिली कृती: एकूण लिंग गुणोत्तर बाजूला ठेवा आणि शून्य ते सहा वयोगटाचं बाल लिंग गुणोत्तर काढा. लहान मुलं कामासाठी एकटी गाव सोडत नाहीत, म्हातारपणाचा प्रश्नच नाही. देशाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. एकूण प्रमाण १९९१ मध्ये ९२७, २००१ मध्ये ९३३, २०११ मध्ये ९४३, म्हणजे चढता क्रम. बाल प्रमाण त्याच वर्षांत ९४५, ९२७, ९१९, म्हणजे उतरता. महाराष्ट्राचं बाल प्रमाण ९४६ वरून ९१३ आणि मग ८९४. बीड जिल्ह्याचं २००१ मध्ये ८९४ होतं, दहा वर्षांत ८०७ वर आलं. एकूण आकडा सुधारतोय म्हणून पाठ थोपटून घेतली त्याच काळात ही घसरण झाली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आल्या तेव्हाही असंच झालं. पुरुष मागे पडले म्हणून मथळे छापून आले. ते सर्वेक्षण नमुन्यातल्या घरांत आदल्या रात्री कोण झोपलं होतं ते मोजतं. वसतिगृहं, बराकी, मजुरांचे तळ त्यात येत नाहीत. त्याच अहवालात, मागच्या पाच वर्षांतल्या जन्मांचं प्रमाण ९२९ होतं. मथळा व्हायला हवा होता तो याचा.

बाल प्रमाणाहूनही धारदार आकडा म्हणजे जन्मवेळचं प्रमाण. गावपातळीवर तोच काढा. जनगणना दहा वर्षांनी येते (आपली तर २०२१ ची झालीच नाही), जन्म मात्र रोज नोंदले जातात.

नोंद कुठली घ्यायची हे नीट समजून घ्या. बहुतेक जण ग्रामसेवकाकडची जन्म-मृत्यू नोंदवही मागतात आणि त्यातल्या मुली-मुलगे मोजून मोकळे होतात. त्यानं काम होत नाही. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. आता बाळंतपणं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात होतात, त्यामुळे गावातल्या बाळांची नोंद नगरपरिषदेच्या वहीत असते आणि गावची वही रिकामी राहते. दवाखाना असलेल्या गावात उलट घडतं. वहीत शेकडो नोंदी, त्यातली गावची चार. भरीला आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे लेक बाळंतपणाला आली तर बाळ इथे नोंदलं जाणार आणि तीन महिन्यांनी सासरी जाणार.

आशाताईंची यादी आणि एएनएम ताईंचं, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेचं, आरसीएच रजिस्टर (माता-बाल आरोग्याची नोंदवही) हे खरे आधार. त्यात गावात राहणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद असते, ती बाळंत कुठेही होवो. नियम एकच ठेवा: आईचं नेहमीचं राहण्याचं गाव ज्या गावचं, बाळ त्या गावचं. माहेरवाशिणी वगळा, माहेरी गेलेल्या आपल्या सुना धरा. मग अंगणवाडीच्या यादीशी ताडून बघा. आशाताईंच्या यादीत नाही पण अंगणवाडीत आहे असं मूल निघालं तर ते कुटुंब बाहेरून आलंय का, की नोंद सुटली, ते विचारा. नावं तुमच्या कागदावर उतरवू नका. महिना, वर्ष, मुलगा की मुलगी, कितवं अपत्य, आणि आधीची अपत्यं कोण. एवढे रकाने पुरतात. शेवटचे दोन रकाने कंटाळा करून सोडू नका, ते का ते पुढे सांगते.

गुणोत्तर काढणं सोपं: मुलींची संख्या गुणिले १०००, भागिले मुलांची संख्या. भागाकार मुलांच्या संख्येनं करायचा, एकूण जन्मांनी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे ग्रामसभेत कधीच ऐकू येत नाही. दोन हजार वस्तीचं गाव असेल तर आपल्याकडच्या जन्मदरानं, हजारी साधारण १५ धरून, वर्षाला तीसेक जन्म होतात. तीस जन्मांत कुणीही काहीही न करता एखाद्या वर्षी १० मुली नि २० मुलगे येऊ शकतात आणि दुसऱ्या वर्षी २० मुली नि १० मुलगे. पहिल्या वर्षीचं प्रमाण ५००, दुसऱ्या वर्षीचं २०००. पहिल्या वर्षी गावाची बदनामी होणार, दुसऱ्या वर्षी सरपंचांचा सत्कार होणार, आणि दोन्ही वेळा घडलेलं काहीच नसणार.

योगायोग कुठवर आणि शंका कुठून, हे ठरवायला एक सोपा ठोकताळा आहे. एकूण जन्मांना ०.४८८ नं गुणा (निसर्गात २०५ जन्मांत १०० मुली, म्हणून). एवढ्या मुली अपेक्षित. मग एकूण जन्मांचं वर्गमूळ काढा. अपेक्षित संख्येतून ते वजा केलं की खालची सीमा, मिळवलं की वरची. शंभरात पंचाण्णव वेळा मुलींची संख्या या दोन सीमांच्या आत पडते. समजा पाच वर्षांत ४०० जन्म झाले. अपेक्षित मुली १९५, वर्गमूळ २०, म्हणजे १७५ ते २१५. तुमच्याकडे १८० मुली नि २२० मुलगे असतील तर प्रमाण ८१८ येईल. भीतीदायक दिसतं, पण १८० ही सीमेच्या आतच आहे. इथे गाव निर्दोष आहे असंही म्हणता येत नाही आणि दोषी आहे असंही नाही. एवढ्या जन्मांवर निकाल लागत नाही, इतकंच. १६५ मुली असत्या तर मात्र मी स्वस्थ बसले नसते.

म्हणून गावाचा नाद सोडून प्राथमिक आरोग्य केंद्राचं पूर्ण कार्यक्षेत्र घ्या. सपाटीवर एका केंद्राखाली तीस हजार वस्ती धरली तर वर्षाला साडेचारशे जन्म, पाच वर्षांत २२५०. अपेक्षित मुली १०९८, वर्गमूळ ४७. आता सीमा आवळल्या: प्रमाणाच्या भाषेत साधारण ८७७ ते १०३६. इथे ८५० आलं तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आमच्यासारख्या डोंगरी भागात केंद्राखाली वीस हजारच वस्ती, म्हणून आम्ही दोन केंद्रं जोडून घेतो.

मग ते दोन रकाने उघडा. ज्यांचं पहिलं अपत्य मुलगी आहे, त्यांच्याच दुसऱ्या अपत्यांचं प्रमाण वेगळं काढा. पहिल्या बाळाच्या वेळी बहुतेक घरं काही करत नाहीत. निवड होते ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी, आणि तीही आधी मुलगीच असेल तर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतभरचं हे प्रमाण १९९० मधल्या ९०६ वरून २००५ मध्ये ८३६ वर घसरलेलं दिसलं होतं. आधीचं अपत्य मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हती. एकूण प्रमाण ९२० दिसतं आणि सगळे निश्चिंत असतात, पण पहिल्या मुलीनंतरचं दुसरं बाळ बघितलं की आत काय चाललंय ते कळतं. वर्गमूळाचा ठोकताळा इथेही लावायचाच, कारण इथे जन्म आणखी कमी असतात.

आकडे ग्रामसभेत मांडताना पाच वर्षांचा एकत्र आकडा मांडा, शेजारी एकूण जन्म लिहा, शेजारी ९५२ लिहा. कुटुंबांकडे बोट दाखवायचं नाही. लहान वाडीत "दुसरं अपत्य, पहिली मुलगी" एवढं म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं, म्हणून हा तपशील वाडीनिहाय कधीही वाचू नका. आणि एक गोष्ट मी फार कळकळीनं सांगते: गर्भपात झालेल्या बाईच्या दारात चौकशीला जाऊ नका. १९७१ च्या कायद्यानं सुरक्षित गर्भपात हा तिचा कायदेशीर मार्ग आहे. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा, शब्दांनी असो की खुणेनं. महाराष्ट्रानं यावर १९८८ मध्येच कायदा केला, देशात सगळ्यांत आधी; केंद्राचा १९९४ चा, लागू झाला १९९६ मध्ये, दुरुस्त झाला २००३ मध्ये. बाईवर नवऱ्याची, घरच्यांची सक्ती झाली असं हा कायदा गृहीत धरतो. तेव्हा तुमचा रोख सोनोग्राफीच्या खोलीकडे हवा, बाळंतिणीच्या खोलीकडे नाही. ठोस काही कळलं तर लेखी तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे द्या आणि पोच घ्या.

हे बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना दक्षिण कोरियाचं सांगा. १९९० मध्ये तिथे १०० मुलींमागे ११६ च्या वर मुलगे जन्मत होते, आपल्या मापात साधारण ८६०. २००७ च्या सुमारास ते नैसर्गिक प्रमाणावर परत आले. नुसत्या बंदीनं नाही; मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, वंश आणि मालमत्ता मुलाच्याच नावानं चालवण्याचे कायदे बदलले. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, मुली मिळत नाहीत म्हणून. ते ज्या वर्षांत जन्मले, त्या वर्षांचं बाल प्रमाण मी वर दिलंच आहे.

नवी जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणार आहे. आकडे येतील तेव्हा आधी तात्पुरते येतात, अंतिम मागून. २०११ ला महाराष्ट्राचं बाल प्रमाण तात्पुरत्या तक्त्यात ८८३ होतं, अंतिम ८९४ झालं. त्यामुळे २०२७ चे तात्पुरते आकडे २०११ च्या अंतिम आकड्यांशी ताडू नका. आणखी एक: २०११ मध्ये पहिल्यांदा स्त्री-पुरुषाशिवाय 'इतर' असा संकेतांक होता, देशभरात ४,८७,८०३ जणांनी तो निवडला, पण मुख्य तक्त्यांत त्यांची बेरीज पुरुषांत केली आहे. नव्या तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचा, या वेळी ती बेरीज कुठे केली आहे ते बघा, आणि मगच दोन जनगणनांमधली वजाबाकी करा.